नोकरी पत्करण्यापूर्वीं



सोलापुरांतील शुक्रवार पेठेंत एखाद्या घरीं नोकरीचें पत्र आलें, म्हणजे तें प्रथम देवापुढें ठेवलें जातें. मग वाचलें जातें. वाचणारा बहुधा घरांतील वडील पुरुष असतो, आणि तो सगळें पत्र न वाचतां एकच ओळ शोधतो, ती पगाराची. ती ओळ मोठ्यानें वाचून झाली, कीं आई साखर वाटावयास उठते, शेजारच्या काकू दारांतूनच "कोणत्या गांवीं?" म्हणून विचारतात, आणि पत्राचीं उरलेलीं दोन पानें घडी होऊन पाकिटांत परत जातात. त्या पानांवर काय लिहिलें आहे, आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे काय लिहिलेलें नाहीं, याची चौकशी सहा महिन्यांनीं सुरू होते. तेव्हां मुलगा परगांवीं असतो, आणि त्याची सही कचेरीच्या दप्तरांत असते.

अशाच एका घरीं पुण्याच्या एका कारखान्याचें पत्र आलें. मुलगा जरा चांचरत म्हणाला, "अण्णा, राहण्याच्या सोयीविषयीं यांत कांहींच नाहीं. पहिले दिवस उमेदवारीचे म्हटले आहेत. पण ते किती, आणि पुढें कायम कोण करणार, तें कळत नाहीं. एक पत्र लिहूं का?" अण्णांनीं चष्मा काढला. "अरे, आधीं रुजू तर हो! नोकरी देणाऱ्यालाच तूं उलट प्रश्न विचारूं लागलास, तर ते दुसरा पाहतील. उमेदवार कांहीं कमी आहेत काय?"

हें भय खोटें नाहीं. परंतु मंडईंत वांग्यांच्या भावासाठीं चार दुकानें मागें-पुढें फिरणारें तेंच घर, मुलाच्या पुढल्या दहा वर्षांचा सौदा मात्र पहिल्याच शब्दाला पटवून टाकतें, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. पांढरपेशा घरांत भाव करणें ही भाजीची रीत समजली जाते, विद्येची नव्हे. विद्येचा भाव करणें म्हणजे विद्या विकणें, असा एक जुना संकोच यामागें आहे. तो संकोच अगदींच त्याज्य नाहीं. पण त्याचा लाभ आजवर विद्येला झाला कीं मालकाला, हें एकदां पाहण्यासारखें आहे.

ज्यांना हा संकोच नव्हता, असे लोक याच शहरांत होते. शहराच्या पूर्व भागांत तेलंगणांतून येऊन वसलेले पद्मशाली विणकर हातमागाच्या कारखान्यांत काम करीत. मजुरी नगावर ठरलेली. तेव्हां नव्या कारखानदाराशीं बोलणें निघालें, कीं विणकर पगार विचारीत नसे. तो विचारी, "उचल किती?" लग्न, आजारपण, गांवाकडचें देणें, अशा कोणत्या तरी गरजेसाठीं आगाऊ घेतलेली ती रक्कम. जुन्या कारखानदाराची बाकी अंगावर असली, तर ती फेडल्यावांचून दुसऱ्याच्या मागावर बसतां येत नसे. मग नवा कारखानदार ती बाकी भरून टाकी आणि विणकर या वहींतून त्या वहींत जाई. उचल मोठी मिळाली, म्हणजे बोली आपण जिंकली, असें त्याला वाटे. वस्तुतः पुढें करावयाचे श्रम त्यानें आधींच विकलेले असत, आणि जितकी उचल मोठी तितका माग सोडणें कठीण. आजहि ऊंस तोडणाऱ्या टोळ्यांच्या बोलीभाषेंत हाच शब्द याच अर्थानें जिवंत आहे.

गिरणींत तर एवढीहि बोली नव्हती. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ सालीं चालू झाली. तिच्यामागून लक्ष्मी, विष्णु, नरसिंगगिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. त्या आतां बंद पडल्या आहेत. पण भोंगा होण्यापूर्वीं फाटकाशीं जमणारी बदली कामगारांची गर्दी ज्या घरांनीं पाहिली, तीं घरें अजून आहेत. आंत कोणी गैरहजर असला, तर बाहेरच्यांपैकीं एकाला काम. तो एक कोण, हें जॉबर ठरवी, आणि त्याची मान हलली किंवा हलली नाहीं, एवढ्यांत नोकरीची सारी वाटाघाट आटोपे. कामावर घेण्यासाठीं जॉबर पैसे उकळतात, ही गोष्ट १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्हिटले कमिशनच्या अहवालांतहि नमूद झाली. शुक्रवार पेठेंतील कारकुनाला हा प्रकार हीन वाटे. परंतु उमेदवारी किती दिवसांची हें न विचारतां सही करणारा कारकून आणि फाटकाशीं उभा असलेला बदली कामगार यांच्या स्थितींत अंतर किती, हें मोजूं गेल्यास अंगरख्याएवढेंच निघतें.

यावर कोणी म्हणेल, कीं मग पुण्याच्या त्या थोर शिक्षकांचें काय? त्यांनीं तर पगाराचा विचारच केला नाहीं! महाराष्ट्रांत हें उदाहरण इतक्या वेळां दिलें गेलें आहे, कीं त्याचा अर्धा भाग सर्वांच्या विस्मरणांत गेला आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनीं महिना ७५ रुपयांवर काम केलें, हें खरें. गोपाळ कृष्ण गोखले त्यांतलेच. १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर होण्याचा मान मिळविणारे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना सरकारी खात्यांत कितीतरी मोठा पगार मिळता; ते सोसायटींतच आले आणि १९०२ सालीं फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. पण हा त्याग मोघम नव्हता. नोकरी वीस वर्षांची, वेतन ७५ रुपये, शेवटीं महिना ३० रुपये पेन्शन, आणि मध्येंच मृत्यु आल्यास कुटुंब उघडें पडूं नये म्हणून आयुष्याचा विमा, असें सर्व ठरलेलें होतें. पगार सोडतांना त्या मंडळींनीं विम्याचें कलम सोडलें नाहीं. शिवाय आजीव सभासद हेच संस्थेचे चालक असल्यामुळें टेबलाच्या दोन्ही बाजूंस तेच बसलेले होते. आणि इतकें असूनहि, सभासदानें बाहेरची कमाई करावी कीं नाहीं, या एका मुद्द्यावरून मतभेद विकोपास गेले, व १८९० सालीं टिळकांनीं राजीनामा दिला. अटी स्वतः लिहिणाऱ्यांत जर असें होतें, तर दुसऱ्यानें लिहिलेल्या अटींवर न वाचतां सही करणाऱ्याविषयीं काय बोलावें!

दुसऱ्यानें लिहिलेल्या अशा एका करारावर ४ जून १९१३ रोजीं बडोदें येथें सही झाली. एका बाजूला बडोदें सरकार. दुसऱ्या बाजूला बावीस वर्षांचा, नुकताच बी. ए. झालेला तरुण, भीमराव रामजी आंबेडकर. वडील चारच महिन्यांपूर्वीं वारलेले. सयाजीराव महाराजांनीं अमेरिकेंत शिकण्यासाठीं महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षें देऊं केली होती. त्या काळीं एखाद्या संस्थानिकानें अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यास परदेशीं पाठवावें, ही असामान्य गोष्ट होती, आणि तिचें श्रेय महाराजांना दिलेंच पाहिजे. त्याच्या मोबदल्यांत आंबेडकरांनीं लिहून दिलें, कीं नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करीन आणि परत आल्यावर दहा वर्षें बडोद्याची नोकरी करीन. विद्यार्थ्यानें सरकारचें काय देणें आहे, तें त्यांत अगदीं स्पष्ट होतें. सरकारनें त्या विद्यार्थ्याचें, तो अधिकारी म्हणून परत आल्यावर, काय देणें आहे? तो कोठें राहील? कचेरींत पाणी कोठलें पिईल? वाटाघाटीची ताकद त्या तरुणापाशीं कांहीं नव्हती. त्यानें सही केली, आणि दुसरें कांहीं करणें त्याला शक्यहि नव्हतें.

पुढें कोलंबिया विद्यापीठ झालें, लंडन झालें, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते ऑगस्ट १९१७ मध्यें मुंबईस उतरले. दुसऱ्या बोटीनें पाठविलेलें त्यांचें सामान युद्धांत त्या बोटीबरोबर बुडालें होतें. त्या सामानाची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये मिळाले, आणि त्यांतून बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला. करार पाळावयास जाणाऱ्या माणसाजवळ प्रवासखर्चाला पैसे नव्हते!

बडोद्याच्या स्टेशनवर त्यांना घ्यावयास माणूस जावा, असा महाराजांचा हुकूम होता. कोणी गेलें नाहीं. हिंदु खाणावळींत जागा मिळणें अशक्य, म्हणून ते एका पारशी विश्रांतिगृहांत गेले. तेथें पारशी नसणाराला उतरूं देत नसत. तेव्हां वहींत पारशी नांव घालावयाचें आणि रोज दीड रुपया द्यावयाचा, असें तेथल्या व्यवस्थापकाशीं ठरलें. वरच्या मजल्यावर, मोडक्या सामानाच्या अडगळींत, रात्रीं मिणमिणत्या दिव्याशेजारीं पुस्तक वाचीत हा परदेशीं शिकलेला पंडित एकटा बसे. परदेशवासांत आपण अस्पृश्य आहों ही जाणीवच मनांतून पुसून गेली होती, असें त्यांनीं पुढें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. बडोद्यानें ती परत आणून दिली. नेमणूक अकौंटंट जनरलच्या कचेरींत उमेदवार म्हणून. पुढें त्यांना अर्थमंत्री करावें, असें महाराजांच्या मनांत होतें, असें सांगतात. पण कचेरींतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकी. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनीं अर्ज केला. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे हिंडत राहिला.

अकराव्या दिवशीं सकाळीं ते कचेरीस निघावयाच्या तयारींत असतां दहाबारा पारशी हातांत काठ्या घेऊन जिना चढून आले, आणि संध्याकाळच्या आंत जागा खालीं करण्यास त्यांनीं बजावलें. एक हिंदु मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता. दोघांकडेहि विचारून झालें, दोघांनींहि निरनिराळीं कारणें सांगून असमर्थता दाखविली. मुंबईची गाडी रात्रीं नऊला होती. मधले पांच तास त्यांनीं कामाठी बागेंत बसून काढले. दहा वर्षांच्या बंधनाच्या त्या नोकरीचा शेवट असा एका सार्वजनिक बागेंत झाला.

या हकीकतींत दोष तरुणाकडे लेशमात्र जात नाहीं. तो ज्यांचा आहे, तो त्यांचाच आहे. येथें पाहावयाचें तें निराळें. महाराजांच्या मनांत कांहीं कमी नव्हतें. इच्छा चांगली, हुकूम चांगला. परंतु करारांत कलम नसल्यामुळें तो हुकूम मोडला म्हणून कोणाहि कारकुनाला जाब द्यावा लागला नाहीं. मालक भला आहे, मग कशाला लिहून घ्यावयाचें, असें म्हणणारीं घरें शुक्रवार पेठेंत आजहि पुष्कळ आहेत. भला मालक वरच्या मजल्यावर असतो. खोलीची किल्ली खालच्या मजल्यावरील माणसाच्या खिशांत असते.

नंतरची नोकरी त्यांनीं कशी पत्करली, हेंहि सांगण्यासारखें आहे. नोव्हेंबर १९१८ मध्यें मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते लागले; पगार ४५० रुपये, जागा तात्पुरती. "तात्पुरती" हा शब्द ऐकून दुसरा कोणी हिरमुसला असता. आंबेडकरांना कायम जागा नकोच होती. लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करावयाचा होता, आणि त्याला पैसा हवा होता. पैसा शिल्लक टाकला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून व एका मित्राकडून कांहीं मदत घेतली, आणि १९२० सालीं ते परत लंडनला गेले. नोकरी आपल्याला कशासाठीं हवी, हें ज्याला ठाऊक आहे, त्याला पत्रांतील कोणता शब्द वाईट आणि कोणता सोईचा, हें इतरांनीं सांगावें लागत नाहीं.

पुढें १९४२ पासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरमंत्री होते. त्यांच्या त्या कारकीर्दींत, एप्रिल १९४६ मध्यें, औद्योगिक नोकरीच्या स्थायी आदेशांचा कायदा झाला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याच्या मालकानें नोकरीच्या अटी लेखी ठरवून मंजूर करून घ्याव्या, आणि इंग्रजींत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेंत त्या प्रवेशद्वाराजवळ फळ्यावर लावाव्या, असा तो कायदा. मुंबई इलाख्यांत १९३८ च्या कायद्यानें ही रीत आधींच पडली होती. आतां ती साऱ्या देशासाठीं झाली. त्या कायद्याच्या परिशिष्टांत पहिलीच बाब कामगारांच्या वर्गवारीची: कायम, तात्पुरता, शिकाऊ, उमेदवार, बदली. सोलापूरच्या फाटकाशीं घुटमळणारा 'बदली' हा शब्द इंग्रजी कायद्यांत जसाच्या तसा जाऊन बसला. बडोद्याच्या कचेरींतला 'उमेदवार'हि त्याच ओळींत आहे. राहण्याच्या जागेचा उल्लेख मात्र त्या यादींत कोठेंहि नव्हता. २०२० सालच्या औद्योगिक संबंध संहितेंत हा कायदा समाविष्ट करण्यांत आला. आणि प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र दिलें पाहिजे, असें त्याच सालच्या दुसऱ्या एका संहितेंत म्हटलें आहे. पत्र मिळण्याचा हक्क झाला. पत्रांत काय हवें, हें विचारण्याचें काम अजून उमेदवाराचेंच आहे.

आणि सही ही केवळ विधि नव्हे, हें कल्याणच्या एका तरुणाला सर्वोच्च न्यायालयांत कळलें. तेथील रेयॉनच्या कारखान्यांत तो पाळीवरील पर्यवेक्षक म्हणून १९६३ सालीं लागला. करार पांच वर्षांचा. तेवढ्या मुदतींत दुसऱ्या कोणाकडे तें काम करावयाचें नाहीं, अशी अट. दीड-दोन वर्षांत तो अधिक पगारावर कोटा येथील तशाच कारखान्यांत गेला. १९६७ सालीं निकाल त्याच्या विरुद्ध लागला: नोकरीच्या मुदतीपुरतें असें बंधन घालणें बेकायदेशीर नाहीं. नोकरी सुटल्यानंतरहि धंदा करूं नये, असली अट मात्र १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या २७ व्या कलमानें सामान्यतः रद्द ठरते. आणि बंधपत्रांत दंडाचा आंकडा कितीहि मोठा घातला, तरी ७४ व्या कलमाप्रमाणें वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. परंतु कोर्टांत जाऊन हें सिद्ध करण्यास लागणारीं वर्षें कोणतें कलम परत देणार? त्यापेक्षां सहीपूर्वीं एक प्रश्न स्वस्त पडतो.

प्रश्न विचारण्याचीहि एक रीत आहे. तोंडी होकार उत्साहानें द्यावा, आणि लेखी होकारासाठीं दोन दिवस मागून घ्यावे. दोन दिवस मागितले म्हणून शहाणा मालक जागा काढून घेत नाहीं, आणि जो काढून घेतो, त्यानें आपली ओळख वेळींच करून दिली असें समजावें. "आधीं किती पगार होता?" हा प्रश्न आला, तर जुन्या आंकड्याऐवजीं नव्या कामाविषयीं बोलणें काढावें; कारण जुना आंकडा एकदां टेबलावर पडला, कीं पुढची सारी बोली त्याच्याच अवतीभोंवतीं फिरते. हल्लीं पत्रांत वर्षाचा मोठा आंकडा असतो. त्यांत भविष्यनिर्वाह निधींतील मालकाचा हिस्सा, विमा, बक्षिशी असें पुष्कळ मोजलेलें असतें. तेव्हां महिन्याअखेर हातीं काय पडेल, हें निःसंकोच विचारावें. नोकरी सोडण्याची सूचना उमेदवारानें तीन महिन्यांची द्यावयाची आणि मालकानें एका महिन्याची, असें असेल, तर तें दोहोंकडे सारखें करण्याची विनंति करण्यांत उद्धटपणा नाहीं. आणि पगार वाढत नसेल, तर तेथेंच अडून न बसतां राहण्याची सोय, प्रवासखर्च, सहा महिन्यांनीं पुनर्विचार, यांपैकीं कांहीं मिळतें का पाहावें. ज्याच्या हातांत पगाराचा आंकडा नाहीं, त्या अधिकाऱ्याच्या हातांत या गोष्टी पुष्कळदां असतात. सगळें मिळेल, असें नव्हे. ज्याच्या घरीं चूल उद्यांच पेटवावयाची आहे, त्यानें नाहीं म्हणणें कठीण. पण नाहीं म्हणतां येत नसलें, तरी विचारतां येतें. काय मिळणार नाहीं, हें आधीं ठाऊक असणें, हीहि एक सोयच होय.

शुक्रवार पेठेंतील त्या घरीं दोन दिवस वाद झाला. शेवटीं मुलानें आठ ओळींचें पत्र लिहिलें. अण्णांनीं त्यांतील ऱ्हस्वदीर्घ सुधारलें, "कृपया खुलासा व्हावा" हे शब्द घातले, आणि "मागणी" हा शब्द खोडून "विनंति" केला. पत्र गेलें. आईनें आठवडाभर साखरेचा डबा पुन्हां उघडला नाहीं.

उत्तर आलें. राहण्याची सोय नाहीं, असें स्पष्ट लिहिलें होतें. उमेदवारी सहा महिन्यांची, आणि ती संपल्यावर कायम केल्याचें पत्र देण्यांत येईल. सूचनेची मुदत दोहोंकडे एक महिना. पगारांत फरक नाहीं, मात्र पहिल्या महिन्याचा अर्धा पगार सामान हलविण्यासाठीं आगाऊ मिळेल. अण्णांनीं तें पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलें, "आगाऊ" या शब्दापाशीं थांबून तो पुढें कापून घेणार किंवा कसें, याचा एक वाद पुन्हां घातला, आणि मग पुण्याच्या मामांना खोलीच्या चौकशीसाठीं त्याच दिवशीं कळविलें.